एक भोक तर पाडायचंय!

आमच्या घरी झोपाळा आहे. ही गोष्ट पूर्वी मी मोठ्या अभिमानानं सांगत असे. पुढं पुढं ती सांगायची गरजच उरली नाही, कारण ती गल्लीच्या कोपऱ्यावरून ऐकू येऊ लागली. पुढं जाताना ‘कर्र’ आणि मागं येताना ‘कुईं’ असे दोनच स्वर, पण काय तयारीचे! शेजारचे आजोबा तर त्यावर घड्याळ लावत. आमची ही दुपारचा चहा घेऊन झोपाळ्यावर बसली की ते आपल्या घरात औषधाची गोळी घेत.

तेल घातलं नाही असं कृपा करून समजू नका. वर्षानुवर्षं घातलं. स्टुलावर चढून मी त्या कडीवर खोबरेलापासून शिवणयंत्राच्या तेलापर्यंत सगळी तेलं ओतली. त्यातलं निम्मं माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत येई आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी झोपाळ्यावर बसणाऱ्या पाहुण्याच्या टकलावर पडे. लोखंडावर लोखंड जिथं घासत होतं, तिथं मात्र एक थेंब पोचेल तर शपथ!

शेवटी एके दिवशी झोपाळा उतरवला आणि कड्या ज्यांवर लटकतात त्या दोन खिळी पिशवीत घालून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. आमची तुळई सहा इंच रुंद. तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांतून आरपार गेलेली सहा इंची खीळ आणि खिळीच्या मधोमध कडी, अशी रचना. उद्यमनगरात खिळीला पिन म्हणतात, आणि पिनला ‘जॉब’ म्हणतात. आपल्याकडे पोरांना जॉब मिळत नाही आणि इथं तो पिशवीतून घेऊन जावा लागतो.

मिस्त्रींचं दुकान दहा बाय वीसचं. त्यात एक लेथ. पट्ट्यावर चालणारं, हिरवा रंग कधीकाळी होता अशी नुसती आठवण उरलेलं. मिस्त्रींनी पिन बोटांवर फिरवली, मध्यभागी नख लावलं आणि म्हणाले, “पोटात झिजलीया बगा. वरनं तेल ओतून भागायचं न्हाई, सायेब. पोटातनं गेलं पायजे.”

मग त्यांनी भिंतीवर खडूनं चित्र काढलं. नवीन पिन करायची. तिच्या टोकाकडून मधल्या बिंदूपर्यंत लांबीच्या दिशेनं एक बारीक भोक पाडायचं. मध्यावर बाजूनं दुसरं भोक असं पाडायचं, की दोन्ही आत एकमेकांना भेटतील. टोकाला ग्रीसचं निपल बसवायचं. पिचकारीनं ग्रीस दाबलं की ते पोटातून जाऊन बरोबर कडीखाली बाहेर येणार. आजवर पाहुण्यांच्या टकलांवर जे वाया गेलं ते योग्य ठिकाणी पोचणार.

“किती घ्याल?” मी विचारलं.

“दोन्ही पिनांचे मिळून नऊशे. माल आणि टर्निंग चारशे, होलाचे पाचशे.”

आणि इथं मी ते वाक्य उच्चारलं. तुम्हीही ते आयुष्यात कधी ना कधी उच्चारलेलं आहे, तेव्हा हसू नका. मी म्हणालो, “मिस्त्री, पाचशे? अहो, एक भोक तर पाडायचंय!”

“दोन,” मिस्त्री म्हणाले.

मग मी माझ्या परीनं युक्तिवाद केला. माल म्हणजे लोखंड, ते मला मिळणार, त्याचे पैसे समजू शकतो. पण भोक म्हणजे काय? तुम्ही माझ्याच लोखंडातून थोडं लोखंड काढून घेणार, म्हणजे मला माल कमी देणार आणि पैसे मात्र जास्त घेणार! जे तिथं नाही त्याचे पाचशे रुपये? हा युक्तिवाद मला त्या वेळी अत्यंत बिनतोड वाटला. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बरं, साडेतीनशे द्या. बसा.” दीडशे रुपये वाचवल्याच्या आनंदात मी तेलकट बाकावर बसलो. माझी पँट कायमची गेली, पण तो हिशेब वेगळा.

तर त्या बाकावर बसून मी जे पाहिलं, त्यामुळे हा लेख लिहितो आहे. आणि हा लेख ‘एक भोक तर पाडायचंय’ म्हणणाऱ्या तमाम सुशिक्षित मंडळींच्या विरुद्ध आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या मंडळींचा अध्यक्ष तोवर मीच होतो, त्यामुळे मानहानीचा प्रश्न येत नाही.

भोक होतं चार मिलिमीटर व्यासाचं. उद्यमनगरच्या मापात सव्वा सूत. इंचाला आठ सूत. आणि खोली तीन इंच, म्हणजे चोवीस सूत. व्यासाच्या एकोणीस पट! कागदावर हे काही वाटत नाही. पण सुईसारखी बारीक आणि लांब काठी हातात धरून ती लोखंडात सरळ घुसवायची आहे अशी कल्पना करा. ती वाकणार. शिवाय ड्रिलच्या अगदी टोकाशी मधोमध जी बारीक कड असते ती कापत नाही, नुसती दाबते. पुढं निबर धातू, मागून आपला दाब, आणि मध्ये बारीक काडी. ती बाजूची वाट धरणार नाही तर काय करील? माणूससुद्धा अशा वेळी तेच करतो.

मिस्त्रींनी पहिली वीस मिनिटं भोक पाडलंच नाही. (मी मनातल्या मनात त्या वीस मिनिटांचे पैसे वजा केले.) आधी पिन चकमध्ये धरून तिचं तोंड साफ केलं, कारण खडबडीत तोंडावर ड्रिल घसरतं. मग टेलस्टॉकचे नट सैल करून त्याच्या पोटाखाली पत्र्याची एक पातळ पट्टी सरकवली. “जुनं मशीन हाय. टेलस्टॉक झिजून केसभर खाली बसलाय. त्याची खोड मला ठावं हाय,” ते म्हणाले. नंतर आखूड, जाड अंगाचं आणि बारीक नाकाचं सेंटर ड्रिल लावून मध्यावर नुसती खळी पाडली. मग ग्राइंडरवर ड्रिलला धार लावली आणि ते उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. ड्रिलच्या दोन्ही धारा अगदी सारख्या असाव्या लागतात. एक जराशी लांब झाली की भोक मोठं पडतं आणि वाकडंही जातं. टोकाचा कोन ११८ अंशांचा, तो मिस्त्रींच्या डोळ्यात. कोनमापक माझ्या कंपासपेटीत होता. पण माझ्याकडून काही तो कोन झाला नसता.

मशीन चालू झालं आणि मी ओरडलोच, “मिस्त्री, ड्रिल फिरत नाही!” घरी भिंतीला भोक पाडताना मशीनमधलं ड्रिल फिरतं आणि भिंत स्थिर असते, निदान असावी अशी अपेक्षा असते. इथं सगळं उलटं. पिन गरगर फिरत होती आणि ड्रिल टेलस्टॉकमध्ये समाधी लावून बसलं होतं. “जॉब फिरला म्हंजी होल सरळ जातंय,” मिस्त्री म्हणाले. फिरणाऱ्या पिनचा मध्य ड्रिलला आपोआप आपल्याकडे खेचतो, हे त्यामागचं शास्त्र. त्यांनी आधी आखूड ड्रिलनं वाट पाडली आणि त्या वाटेनं मग लांब ड्रिल आत सोडलं. लहान मुलाला शाळेत पोचवायला आधी थोरला भाऊ जातो, तसं.

मग सुरू झाला मुख्य प्रकार. मिस्त्री हँडव्हील फिरवून ड्रिल चार सूत आत घालत आणि अख्खं बाहेर काढत. ब्रशानं कीस झटकत, तेलाचे दोन थेंब सोडत आणि पुन्हा आत. सुरुवातीला चार सूत, मग दोन, आणि दोन इंचांच्या पुढं गेल्यावर फक्त एकेक सूत! आत, बाहेर, झटक, तेल. आत, बाहेर, झटक, तेल. दहा-बारा वेळा पाहिल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. मी म्हणालो, “मिस्त्री, एकदा आत गेलंय ना, मग बाहेर कशाला काढता? सरळ दाबा की.”

मिस्त्रींनी मशीन बंद केलं आणि समजावून सांगितलं. भोक जेवढं खोल, तेवढा कीस बाहेर यायला लांबचा रस्ता. ड्रिलच्या पिळातल्या खाचा ही त्याची बाहेर यायची वाट. ती वाट कोंबली गेली की ड्रिल आत आवळलं जातं. आत तेल पोचत नाही, उष्णता बाहेर पडत नाही, आणि मग एक छोटासा ‘टक्’ आवाज येतो. तो आवाज आला की खेळ खलास. मोडलेला तुकडा आतच अडकतो, आणि तो ड्रिलच्याच जातीचा कडक असल्यामुळे दुसऱ्या ड्रिलनं कोरूनही निघत नाही. ड्रिल गेलं, पिन गेली, सकाळ गेली.

“घुसायला काय, कुनीबी घुसतंय, सायेब,” मिस्त्री म्हणाले, “भाईर कवा यायचं ते कळाय पायजे.”

मी सत्तावीस वर्षं कचेरीत काढली. एवढं मोलाचं वाक्य तिथल्या एकाही सभेत ऐकलं नाही. त्या सभांना बाहेर येणं हा प्रकारच ठाऊक नव्हता.

घरी आल्यावर मी गणित मांडलं. चार मिलिमीटरच्या ड्रिलला साध्या पोलादात मिनिटाला पंचवीस मीटरचा वेग द्यायचा, तर पिन मिनिटाला जवळजवळ दोन हजार वेळा फिरायला हवी. मिस्त्रींच्या लेथचा सगळ्यात वरचा वेग सहाशेच्या आसपास. म्हणजे यंत्राकडून जे मिळत नाही ते हातानं भरून काढायचं. ड्रिल किती हळू पुढं न्यायचं, ते हँडव्हीलवरच्या तळव्याला कळलं पाहिजे. मिस्त्रींचं लक्ष डोळ्यांपेक्षा कानातच जास्त होतं. आवाज किंचित चढला की हात मागं. बाही कोपराच्या वर आणि हातमोजे नाहीत, कारण फिरत्या यंत्राशी मोजा अडकला तर हातही बरोबर जातो. दोन खाचांतून किसाची दोन सारखी वेटोळी बाहेर आली, तेव्हा ते पहिल्यांदा हसले. दोन्ही धारा सारख्या कापताहेत याची ती पावती.

शेवटी बाजूचं आडवं भोक पाडून झालं. मिस्त्रींनी पिन तोंडाशी धरून टोकातून फुंकर मारली आणि माझं बोट आडव्या भोकावर ठेवायला लावलं. बोटाला गार वारा लागला. लोखंडाच्या पोटात, जिथं कुणाची नजर पोचत नाही, तिथं दोन वाटा एकमेकींना बरोबर भेटल्या होत्या. आणि मी त्याचे दीडशे रुपये कापले होते.

आता बोला! आपण भोकाचे पैसे देत नाही असं कोण म्हणतो? दाताचा डॉक्टर आधी भोक मोठं करतो, त्याचे पैसे घेतो. मग तेच बुजवतो, त्याचेही घेतो. आपण त्याला ‘थँक्यू डॉक्टर’ म्हणतो, तेही सुजलेल्या तोंडानं. फ्लॅट घेताना आपण चौरस फुटाला जे मोजतो ते कशाचे? चार भिंतींमधल्या पोकळीचेच ना? तिथं कुणी बिल्डरला म्हणत नाही, ‘मधे तर काहीच नाही, मग पैसे कसले?’ कान सोनारानंच टोचावेत असं आपली म्हण सांगते. तिळाएवढ्या भोकालासुद्धा जाणता माणूस लागतो हे ज्या भाषेला ठाऊक आहे, त्या भाषेत घासाघीस करताना मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण बस निघून गेल्यावर वाटावी तशी.

आणि भोक ही क्षुल्लक गोष्ट आहे असं समजणाऱ्यांनी जरा इतिहास चाळावा. जेम्स वॉटनं वाफेच्या इंजिनातल्या आपल्या सुधारणेचं पेटंट १७६९ साली घेतलं, पण सिलिंडर नीट गोल कोरला जाईना आणि दट्ट्याच्या कडेनं वाफ निसटून जाई. जॉन विल्किन्सननं १७७४ साली तोफा कोरण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याच्या कोरण्याच्या कसबानं नीट सिलिंडर मिळाला, आणि १७७६ साली वॉटची इंजिनं कामाला लागली. सारी औद्योगिक क्रांती एका नीट भोकासाठी खोळंबून बसली होती! काउंट रम्फर्डनं म्युनिकच्या शस्त्रागारात तोफ कोरताना बोथट हत्यार लावून पाहिलं. भोवतीचं थंड पाणी अडीच तासांत, जाळाशिवाय, उकळायला लागलं. उष्णता हा पदार्थ नसून ती हालचालीतून येते, असं त्यानं १७९८ साली जगापुढं मांडलं ते या भोकाच्या जोरावर. आणि आज आपण जे पिळाचं ड्रिल वापरतो त्याचं पेटंट अमेरिकेत स्टीफन मोर्सनं घेतलं ते १८६३ साली. त्या पिळाचं एक मोठं काम कोणतं? कीस बाहेर काढणं!

एवढं सगळं मी माझ्या साडूंना ऐकवलं. साडू म्हणजे आधुनिक माणूस. ते म्हणाले, “कसलं हे जुनं खटारं घेऊन बसलाहात! ते लेथ भंगारात घाला म्हणावं. सीएनसीवर दोन मिनिटांचं काम. संगणक करतो सगळं.”

साडूंचं निम्मं बरोबर आहे, आणि ते मी मान्य करतो. दहा हजार पिना करायच्या असतील तर मिस्त्रींकडं जाऊ नये. नवी यंत्रं ते काम अधिक वेगानं आणि एकसारखं करतील. काहींत तर ड्रिलच्या पोटातूनच दाबानं तेल सोडतात. पण मला दोनच पिना हव्या होत्या. मी अशा एका कारखान्यात फोन करून पाहिला. पलीकडच्या मुलीनं अत्यंत गोड आवाजात विचारलं, “किमान दोनशे नग घ्याल ना, सर?” दोनशे पिनांना शंभर झोपाळे लागतात. आमची तुळई एकच आहे.

आणि उरलेल्या निम्म्याचं उत्तर तर फारच गमतीचं आहे. त्या संगणकाच्या यंत्राला खोल भोक पाडायचा जो हुकूम द्यावा लागतो, त्याचं नाव ‘जी ८३’. तो हुकूम मिळाल्यावर यंत्र काय करतं? ड्रिल थोडं आत घालतं, अख्खं बाहेर काढतं, कीस झटकतं, पुन्हा थोडं आत घालतं! म्हणजे जगातल्या हुशार माणसांनी संगणक बांधला, त्याला यंत्र जोडलं आणि शेवटी शिकवलं काय, तर आमच्या मिस्त्रींचा हात. फरक एवढाच, की त्या यंत्राच्या भावात कुणी घासाघीस करत नाही. हे ऐकून साडूंनी चहा मागितला. साडूंनी चहा मागितला की मुद्दा मान्य झाला असं आमच्या घरी समजतात.

इथपर्यंत मी इतरांना शहाणपण शिकवलं. आता स्वतःचं एक भोक उघडं करतो.

माझा मुलगा दहावी झाला त्या सुट्टीत रोज एका सायकलच्या दुकानात जाऊन बसायचा. काळे हात घेऊन घरी यायचा आणि आयटीआयला जातो, टर्नर होतो म्हणायचा. मी म्हणालो होतो, “टर्नर होऊन काय, भोकं पाडत बसणार आहेस?” आज तो पुण्यात मोठ्या कचेरीत आहे. पगार उत्तम आहे, माझ्यावर राग नाही. दर रविवारी त्याचा फोन येतो. तब्येत कशी, पाऊस किती, आईकडे देतो, अडीच मिनिटांत संपतो. त्या रविवारी मी त्याला पिनेची गोष्ट सांगितली. तो चाळीस मिनिटं बोलत होता. ड्रिल कुठलं होतं, मध्ये पुन्हा धार लावली का, आडवं भोक चुकलं असतं तर काय करणार होते... आईकडे फोन द्यायचाही राहिला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ झोपाळ्यावर बसून होतो. झोपाळा अजिबात वाजत नव्हता. वाजला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दीडशे रुपये घेऊन उद्यमनगरात गेलो. मिस्त्रींच्या हाताखाली कुणी पोरगा दिसत नाही, म्हणून विचारलं. “येत्यात, आठ दिस ऱ्हात्यात, जात्यात,” ते म्हणाले. “माझा सोताचा मोबाइलचं दुकान चालवतोय. पोरं म्हंत्यात, गिऱ्हाईक होलाचे पैसं देत न्हाई, मग होल कशाला शिकायचं?” मी नोटा पुढं केल्या. त्यांनी त्या घेतल्या नाहीत. म्हणाले, “ठरलं ते ठरलं. तुमी ल्हिता न्हवं पेपरात? मग एवढं ल्हिवा, की घासाघीस करायची तर लोखंडाची करा. होलाची करू नगासा.”

लिहिलं. घासाघीस हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, तो सोडा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी कुणा टर्नरपुढं, फिटरपुढं, कल्हईवाल्यापुढं ‘एवढंच तर करायचंय’ हे शब्द ओठांवर आले, की एक करा. बाकावर तासभर बसा, काय चाललंय ते पाहा, आणि मग भाव करा. झालाच तर तुमच्या पँटचं नुकसान होईल.

ते दीडशे रुपये अजून माझ्याकडेच आहेत. झोपाळा आता इतका गुपचूप चालतो, की शेजारच्या आजोबांची दुपारची गोळी चुकायला लागली. परवा ते काठी टेकत घरी आले आणि म्हणाले, “काय हो, दुरुस्त करून घेतलात ना? कितीला पडलं?”

मी आकडा सांगितला.

“एवढे?” आजोबा म्हणाले, “अहो, एक भोक तर...”

मी त्यांना हाताला धरून झोपाळ्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.